अर्धवट उलगडलेले सोर्स पॅकेज

प्रश्न : माझ्या संगणकावर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आहे. मराठी फोनेटिक कळफलकातील एक कळ बदलून पाहण्यासाठी मी ‘सुडो ॲप्ट-गेट सोर्स एम१७एन-डीबी’ ही, कळफलकांच्या पॅकेजचा सोर्स (ज्यापासून पॅकेज बांधतात त्या मूळ फाइली) आणणारी आज्ञा दिली. डाउनलोड संपून फाइली उलगडत असतानाच अवकाळी पावसात लाईट गेली. आता तीच आज्ञा पुन्हा दिली, की सोर्स आधीच उलगडलेला असल्यामुळे ते काम वगळले, असा संदेश येतो. फोल्डर दिसते, पण त्यातील फाइल बदलून जतन करता येत नाही. सगळे पुन्हा डाउनलोड करावे काय?
— एक विद्यार्थी, परभणी

उत्तर : नाही, डाउनलोड पुन्हा करण्याची गरज बहुधा पडणार नाही. ही एक आज्ञा दोन वेगळी कामे करते आणि दोन्हींची तपासणी ती सारख्या काटेकोरपणे करत नाही, हे तुमच्या अडचणीचे मूळ आहे. डाउनलोड झालेल्या फाइली, म्हणजे मूळ लेखकांचा संग्रह (एकत्र बांधलेल्या फाइलींचे गाठोडे), डेबियनने जोडलेला संग्रह आणि या दोहोंचे आकार व शा-२५६ बेरजा (फाइल जशीच्या तशी आहे का हे ताडण्याचे आकडे) नोंदवणारी ‘.डीएससी’ फाइल, यांची पडताळणी ॲप्ट, म्हणजे डेबियनची पॅकेजे आणणारी प्रणाली, करते. उलगडण्याच्या बाबतीत मात्र त्या नावाचे फोल्डर आहे की नाही, एवढेच ती पाहते. आधी मूळ संग्रह उलगडतो आणि डेबियनच्या दुरुस्त्या त्यानंतर चढतात. त्यामुळे मध्येच वीज गेली, तर वरून पूर्ण दिसणारे फोल्डर आतून अपुरे असू शकते. अशा फोल्डरवर विसंबून पुढचे काम करू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

फाइल जतन न होण्याचे कारण सुडो, म्हणजे रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या अधिकाराने आज्ञा चालवणे, हे आहे. सुडोने आणलेल्या फाइलींची मालकी रूटकडे जाते, आणि सोर्स आणण्यासाठी ते अधिकार मुळात लागतच नाहीत. तेव्हा आपल्या होम फोल्डरमध्ये एक नवे फोल्डर करून डाउनलोड झालेल्या तिन्ही फाइलींच्या प्रती त्यात घ्याव्यात, आणि तेथे सुडो न लावता ‘डीपीकेजी-सोर्स -एक्स’ या उलगडण्याच्या आज्ञेपुढे ‘.डीएससी’ फाइलीचे नाव द्यावे. इंटरनेटची गरज नाही. विजेच्या धक्क्यात एखादा संग्रह बिघडला असेल, तर बेरीज जुळत नसल्याचे सांगून ही आज्ञा थांबेल. तेवढीच फाइल मग पुन्हा आणावी लागेल. वीज वारंवार जात असल्यास आधी ‘--डाउनलोड-ओन्ली’ हा पर्याय लावून फाइली आणून ठेवाव्यात आणि सवडीने उलगडाव्यात.

तुम्हाला हवी असलेली ‘एमआर-फोनेटिक.एमआयएम’ ही साधी मजकूर-फाइल ‘एमआयएम’ या उपफोल्डरमध्ये मिळेल. केवळ तिच्यातील एक कळ बदलायची असल्यास पॅकेज नव्याने बांधण्याचा खटाटोपही नको : बदललेली प्रत होम फोल्डरमधील ‘.एम१७एन.डी’ या, नावाआधी टिंब असलेल्या फोल्डरमध्ये ठेवून आयबस (कळफलक हाताळणारी प्रणाली) पुन्हा सुरू केल्यास तीच वापरली जाते.