सरकारी दवाखान्यात समुपदेशन खरंच फुकट मिळतं का?

तुम्ही लिहिलंय की बाळंतपणानंतर पत्नी सारखी रडते, बाळ झोपलं तरी तिला झोप लागत नाही, खासगी समुपदेशकाची फी परवडत नाही आणि घरचे म्हणतात सरकारीत फक्त वेड्यांना बघतात. घरच्यांचं सोडा. मी दुसऱ्या बाळंतपणानंतर जिल्हा रुग्णालयातच उपचार घेतलेत, त्यावरून सांगते.

येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरीची मनोरुग्णालयं वेगळी. लोकांच्या डोक्यात तेवढीच असतात. तुम्ही सिव्हिलमध्ये जा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी तिथे चालते, वार आधी विचारून घ्या. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासणी, औषधं सगळं मोफत आहे. मेडिकल कॉलेजचं रुग्णालय दुसऱ्या खात्याकडे येतं, तिथे थोडे पैसे पडतात. तरी ते जवळ असेल तर मी तेच निवडेन, कारण शिकाऊ डॉक्टर निवांत बसून सगळं विचारतात.

आता खरी गोम. सरकारीत गोळ्या लगेच मिळतात, बोलायला माणूस मिळत नाही. बाहेर रांग एवढी असते की मानसोपचारतज्ज्ञ पाच-सात मिनिटांत औषध लिहून पुढच्याला हाक मारतात. समुपदेशन तोंडाने मागावं लागतं. "क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवा, तसं केसपेपरवर लिहून द्या," असं सरळ म्हणा. ते पद रिकामं असेल तर सोशल वर्करबद्दल विचारा. मला खरा आधार त्याच बाईंचा झाला. खोलीत फायलींचे गठ्ठे, दार सताड उघडं. मी दार लावायला सांगितलं, त्यांनी लावलं. संकोच करू नका, गुप्तता हा २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिलेला हक्क आहे. निघताना पुढची तारीख त्यांच्याच हातून लिहून घ्या आणि ओपीडी ओसरल्यानंतरची वेळ मागा, नाहीतर पुन्हा त्याच रांगेत उभं राहाल.

प्रसूतीचं डिस्चार्ज कार्ड सोबत न्या. ती अंगावर पाजते हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, औषध त्यानुसार ठरवतात. बाळाला सांभाळायला तिसरं माणूस हवं, म्हणजे तिला एकटीला आत बसून बोलता येईल. तुम्ही बाहेर थांबा, तुमच्यासमोर ती सासरबद्दल काही बोलायची नाही! दाखल करायची वेळ आली तर बाळाचं काय, ही भीती तिला असेलच. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला सहसा आईपासून वेगळं ठेवू नये, असं याच कायद्यात आहे.

ओपीडीच्या वारापर्यंत १४४१६ लावा. टेली-मानसची ही सरकारी सेवा चोवीस तास, मोफत आणि मराठीतही आहे. पण ती मरणाचं बोलू लागली, बाळाला काही करेन म्हणाली किंवा तिला भलतेच आवाज ऐकू येऊ लागले, तर वाराची वाट बघू नका. तिला एकटं सोडू नका, बाळ दुसऱ्या कुणाकडे द्या आणि रात्री दोन वाजता असलं तरी सिव्हिलच्या अपघात विभागात घेऊन जा.