शपथ घालू नका, अटी घाला

पत्र: "ताई, आम्ही सांगलीत राहतो. माझे मिस्टर ६६ वर्षांचे, रिटायर्ड इंजिनियर. रिटायर झाल्यापासून सायकलचं वेड लागलंय, पहाटे ग्रुपबरोबर नरसोबाच्या वाडीला जाऊन येतात. आता डिसेंबरमध्ये अलिबाग ते रत्नागिरी, समुद्राकडेच्या रस्त्याने, तीन दिवसांत जायचं म्हणतायत. बीपीची गोळी चालू आहे. पावसाळ्यात घसरून पडले, मनगट सुजलं आणि मला सांगितलं दारात हात सापडला. खरं काय ते त्यांच्या मित्राच्या बायकोकडून कळलं. काही बोललं की शंभरीच्या फ्रेंच सायकलवाल्याचा व्हॉट्सॲप मेसेज दाखवतात, नाहीतर म्हाताऱ्या सायकलिस्टांवरचं ते संशोधन. मुलगा पुण्याहून मलाच ओरडतो, आई तू थांबव त्यांना. नातवाची शपथ घालू का? माझा रविवार तर एकटीचाच जातो."

ताई, नातवाची शपथ अजिबात घालू नका. एकतर पोराला यात कशाला ओढायचं, आणि दुसरं म्हणजे शपथ घातली तर ते सायकल सोडणार नाहीत, सांगायचं सोडतील. ते आत्ताच सुरू झालंय बघा. मला तुमच्या सगळ्या पत्रात ६६ वयाची नाही, बीपीचीही तेवढी नाही, त्या दाराची भीती वाटली. आज मनगट लपवलं, उद्या चढावर छातीत दाबल्यासारखं झालं तर तेही लपवतील, का तर घरी कळलं की सायकल बंद. म्हणून तुम्हाला आधी हे करायचंय की त्यांना खरं सांगायची भीती वाटता कामा नये. शांतपणे सांगा, मनगटाचं मला कळलंय, मी सायकल बंद करायला सांगत नाही, पण यापुढे खोटं नको.

आता त्या मेसेजबद्दल. तो माणूस खरा आहे हो, रॉबेर मार्शां. २०१२ मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी त्याने एका तासात २४ किलोमीटरच्या वर सायकल चालवली आणि दोन वर्षांनी, म्हणजे वय वाढल्यावर, जवळपास २७. पण फॉरवर्डमध्ये हे नसतं की त्याच्या ट्रेनिंगवर एका शरीरशास्त्रज्ञ बाईंचं लक्ष होतं आणि त्यातलं ८० टक्के ट्रेनिंग हलक्या जोराचं होतं, दम न लागता. आणि ते संशोधन बहुतेक इंग्लंडमधलं, २०१८ चं असणार, ५५ ते ७९ वयाच्या १२५ सायकलिस्टांचं, त्यांची प्रतिकारशक्ती आणि स्नायू बघून डॉक्टरही थक्क झाले होते. पण त्यात हाय बीपीवाल्यांना घेतलेलंच नव्हतं! म्हणजे तुमच्या मिस्टरांना ते जसंच्या तसं लागू होत नाही. हे त्यांना जरूर वाचून दाखवा, इंजिनियर आहेत, आकड्यांची भाषा कळेल.

म्हणून पहिली अट डॉक्टरची, आणि तुम्ही सोबत जायचं. नुसतं "थोडी सायकल चालवतो" असं सांगून चालणार नाही, रोज किती किलोमीटर, किती चढ, किती दिवस, सगळं सांगायचं. स्ट्रेस टेस्ट, म्हणजे पट्ट्यावर चालवून हृदय तपासतात ती, लागेल का ते डॉक्टर ठरवतील. गोळी कुठली आहे तेही महत्त्वाचं, काही बीपीच्या गोळ्यांनी लघवी जास्त होते, त्यात कोकणातला घाम, मग चक्कर यायला वेळ लागत नाही. काही गोळ्यांनी हृदयाचे ठोके फारसे वाढतच नाहीत, त्यामुळे घड्याळातला ठोक्यांचा आकडा बघून "अजून जोर आहे" असं समजायचं नसतं. पाणी किती, मीठ किती हेही तिथेच विचारा, कारण बीपीवाल्याला इलेक्ट्रॉलचं पाकीट आपल्या मनाने ढोसता येत नाही.

दुसरी अट, तीन दिवस नाही. हा माझा स्पष्ट विरोध आहे, जाण्याला नाही, घाईला. तो रस्ता मला फार आवडतो पण नकाशात दिसतो तसा सपाट नाही, प्रत्येक खाडीला खाली उतरतो आणि पलीकडे परत चढतो. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, चार ठिकाणी तर जेट्टीवर जाऊन सायकल बोटीत घालावी लागते, बोट सुटली की थांबा. तीन दिवसांत करायचं म्हटलं की बोट गाठायला उतारावर सायकल सोडायची, आणि डिसेंबरात सहाच्या सुमारास अंधार, म्हणजे घाटवळणावर रात्र. सहा दिवस घ्या म्हणावं, मध्ये एक दिवस पूर्ण आराम. या वयात ताकद असते पण शरीर भरून यायला वेळ लागतो, तिशीतल्या पोरांच्या हिशोबाने प्लॅन केला की तिसऱ्या दिवशी गुडघे बोलतात. आणि सांगली ते नरसोबाची वाडी रस्ता अगदी सपाट, त्याच्यावर कोकणची तयारी होत नाही. आधी दंडोबाच्या डोंगरावर, मग पन्हाळ्याला सायकल घालून बघू दे, सलग दोन दिवस, दुसऱ्या दिवशी सकाळी उठून परत बसावंसं वाटतंय का ते कळेल.

गुडघा पुढून दुखत असेल तर बऱ्याचदा सीट खाली असते, ती चांगल्या दुकानात बसवून घ्या. आणि नुसत्या सायकलने हाडं बळकट होत नाहीत, शरीराचा भार सीटवर असतो ना, म्हणून जिने चढणं, खुर्चीतून उठबस हे पण हवं, परत पडले तर हाडच वाचवेल. हेल्मेट, आरसा, मागचा लाइट यावर चर्चाच नको. खिशात चिठ्ठी, त्यात गोळ्यांची नावं आणि तुमचा नंबर. छातीत दाबल्यासारखं, जबडा किंवा हात दुखणं, नेहमीपेक्षा वेगळा दम, यातलं काहीही झालं की सायकल बाजूला आणि १०८, "थोडं बसलो की बरं वाटेल" नाही, आणि हे ग्रुपमधल्या सगळ्यांना माहीत हवं.

आणि रविवार. ती ओळ तुम्ही शेवटी घाईत लिहिलीत पण मला ती भीतीपेक्षा वेगळी वाटली. आयुष्यभर ते ऑफिसात होते, तुम्ही वाट बघितलीत की रिटायर झाले की जरा सोबत होईल, आणि ते पहाटे पाचला हेल्मेट घालून बाहेर. याचा राग येणारच, त्यात चुकीचं काही नाही. पण तो राग बीपीच्या नावाने बाहेर काढू नका, त्यांना वाटतं तुम्ही सायकलच्या विरोधात आहात. सरळ म्हणा, मला रविवार हवाय. ग्रुप शनिवारी जाऊ शकतो. ट्रिपला गाडीतून मागे मागे डबे घेऊन जायची मात्र गरज नाही, ती सेवा कोणी गृहीत धरू नये. वाटलं तर मैत्रिणीला घेऊन तुम्ही एसटीने थेट गणपतीपुळ्याला जा, दोन दिवस राहा, ते येतील तेव्हा येतील.

राहिला मुलगा. काळजी त्याची खरी आहे पण बाबांना सांगायचं ते बाबांनाच सांगू दे. पुढचा फोन आला की "थांब, देते" म्हणा आणि फोन मिस्टरांच्या हातात द्या.