पोर्टेड बॉक्स करताना आधी पोर्ट ठरव, मग लाकूड काप

भावा, तुझा प्रश्न नीट वाचला. १२ इंची सब (सबवूफर, म्हणजे खोल बासचा स्पीकर), ५०० वॉट आरएमएस (सतत झेपणारी पॉवर), हॅचबॅकची डिकी. आत्ता जो तयार बॉक्स आहे त्याला हवा आतबाहेर जायला ३ इंची दोन पाइप, म्हणजेच पोर्ट, आहेत, आवाज वाढवला की पाइपातून फसफस येते आणि प्रत्येक गाण्यात एकच सूर घुमत राहतो. म्हणून आता स्वतः बॉक्स करायचाय, ५५ लिटर, ३४ हर्ट्झ ट्यूनिंग (ज्या सुराला पोर्ट जोरात वाजतो तो), पण पोर्ट केवढा नि किती लांब ते कळत नाहीये. आकडे चांगले निवडलेस. रोजच्या ऐकण्याला १२ इंचीसाठी ३२ ते ३६ हर्ट्झ छान असतं, ४० च्या वर गेलं की तोच घुमणारा आवाज पुन्हा येणार. फक्त बहुतेक लोक काय करतात, आधी डिकीत मावेल तेवढा डबा ठरवतात आणि मग राहिलेल्या जागेत पोर्ट कोंबतात, तिथेच सगळं बिघडतं. तू पोर्टपासून सुरू कर.

त्याआधी एक गोष्ट बघून घे, सबबरोबर जो कागद आलाय त्यावर थील-स्मॉल पॅरामीटर, म्हणजे सबच्या गुणधर्मांचे आकडे, दिलेले असतील. थील आणि स्मॉल या दोन इंजिनिअरांनी १९६० आणि ७० च्या दशकांत ही गणितं बसवली, आज कुठलंही बॉक्सचं सॉफ्टवेअर घे, आत तेच आहे. त्यातला एफएस (सबचा स्वतःचा नैसर्गिक सूर) घे आणि त्याला क्यूईएसने (सबची मोटर त्याची हालचाल किती आवरते तो आकडा) भाग. उत्तर ५० च्या खाली आलं तर तो सब सील्ड, म्हणजे पोर्ट नसलेल्या बंद बॉक्सचा, १०० च्या आसपास किंवा वर आलं तर पोर्टेडचा, मधे आलं तर दोन्हीत चालतो. हा ढोबळ नियम आहे पण चुकीच्या सबसाठी लाकूड फुकट जाण्यापेक्षा बरा. कंपनीने पोर्टेडसाठी किती लिटर सांगितलंय तेही बघ, ५५ त्याच्या जवळपास असेल तर पुढे जा.

आता पोर्ट काम कसं करतो ते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एक ठरावीक सूर येतो ना, अगदी तेच. पोर्टमधली हवा म्हणजे वजन, डब्यातली हवा म्हणजे स्प्रिंग, आणि दोन्ही मिळून एका फ्रिक्वेन्सीला जोरात हलतात, तीच ट्यूनिंग. त्या फ्रिक्वेन्सीला कोन (सबचा हलणारा पडदा) जवळजवळ स्थिर असतो आणि आवाज पोर्ट काढत असतो. म्हणजे ३४ हर्ट्झला तुझा खरा स्पीकर पोर्टच आहे, तो बारीक ठेवून कसं चालेल.

३ इंची पाइपचं क्षेत्रफळ साधारण ४५ चौरस सेंटिमीटर, दोन मिळून ९०. ५०० वॉटच्या १२ इंचीला हे फार कमी पडतं. कार ऑडिओत चालत आलेला अंदाज असा की दर घनफूट आतल्या हवेला १२ ते १६ चौरस इंच पोर्ट द्यावा. तुझे ५५ लिटर म्हणजे १.९४ घनफूट, १४ ने गुणलं की साधारण २७ चौरस इंच, म्हणजे १७५ चौरस सेंटिमीटर. आत्ताच्या जवळजवळ दुप्पट. तेवढीच हवा दुप्पट रस्त्यातून जाणार म्हणजे वेग निम्मा. पोर्टमध्ये हवेचा वेग सेकंदाला १७ मीटरच्या आत असला की आवाज एकदम स्वच्छ, गाडीत २५ च्या आसपासही खपून जातं कारण गाणं त्याच्यावर असतं, पण त्याच्या पुढे ती फसफस ऐकू येतेच आणि नुसती फसफस नाही, पोर्ट दाबला जातो, पॉवर वाढवली तरी आवाज वाढत नाही.

मग तयार बॉक्सवाले बारीक पाइप का लावतात? कारण बारीक पोर्ट आखूड असतो. रुंद केला की त्याच ट्यूनिंगला तो लांब करावा लागतो आणि मग डब्यात मावत नाही. हिशोब असा: ३०,००० गुणिले पोर्टचं क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये, भागिले (ट्यूनिंगचा वर्ग गुणिले लिटर). तुझ्यासाठी ३०,००० गुणिले १७५, भागिले (३४ चा वर्ग म्हणजे ११५६, गुणिले ५५). येतात ८२.६ सेंटिमीटर. पण ही हवेची लांबी झाली, लाकडाची नाही. हवा पोर्टच्या टोकाशी लगेच थांबत नाही, दोन्हीकडे थोडी बाहेरपर्यंत हलते, त्यामुळे पोर्ट आहे त्यापेक्षा लांब असल्यासारखा वागतो. म्हणून क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या ०.८२ पट वजा करायचे, इथे साधारण ११. राहिले ७२ सेंटिमीटर. हीच तुझी पोर्टची लांबी. त्याच दोन ३ इंची पाइपांना हाच हिशोब लाव, ३७ सेंटिमीटरच येतात, म्हणून तयार बॉक्सवाल्यांना ते सोपं पडतं.

१७५ साठी गोल पाइप घ्यायचा तर आतून १५ सेंटिमीटरचा लागेल आणि तोही ७२ लांब, सरळ मावणारच नाही. म्हणून स्लॉट पोर्ट कर, डब्याच्या एका बाजूला उभी फट, आतली उंची ३५ आणि रुंदी ५ सेंटिमीटर. बरोबर १७५. यापेक्षा बारीक फट नको, उंची रुंदीच्या सातपट झालीये आधीच, अजून चपटी केली की भिंतींना घासून हवेचा जोर जातो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जिथे बहुतेकांचे बॉक्स फसतात. ५५ लिटर म्हणजे निव्वळ हवा. डब्यात पोर्ट बसतो, सबचं मॅग्नेट बसतं, आधाराच्या पट्ट्या बसतात, ते सगळं वरून धरायचं. पोर्ट किती खातो बघ, ५ ची फट अधिक १.८ चं लाकूड म्हणजे ६.८, गुणिले ३५ गुणिले ७२, जवळजवळ १७ लिटर! सबचे धर ३, पट्ट्यांचे दीड. म्हणजे आतून मोजलेला डबा ७६ ते ७७ लिटरचा हवा. हे न धरता आतून ५५ चाच डबा केलास तर खरी हवा राहील ३३-३४ लिटर आणि ट्यूनिंग ३४ च्या जागी ४३-४४ हर्ट्झवर जाऊन बसेल. मग माणूस म्हणतो सब खराब आहे. सबला काहीही झालेलं नसतं. आणि जागा नाही म्हणून निव्वळ हवा ४५ वर आणलीस तर पोर्ट ९० सेंटिमीटर होतो, तो अजून जागा खातो, म्हणजे डबा लहान करून वाटते तेवढी जागा वाचत नाही. डिकीत खरंच मावत नसेल तर सरळ १० इंची घे किंवा सील्ड कर, पण पोर्ट बारीक करून जुळवू नकोस, हे माझं ठाम मत आहे.

मापं मी अशी धरतो: आतून रुंदी ५४.६, उंची ३५, खोली ४०. त्याचे होतात ७६.४ लिटर. १८ एमएम एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला फळा) धरला आणि पुढचा फळा डबल केला, म्हणजे ३६ एमएम, तर बाहेरून ५८.२ गुणिले ३८.६ गुणिले ४५.४. डिकीत हे माप पुठ्ठ्याचा डबा करून ठेवून बघ, दार बंद होतंय का, सीटची पाठ तिरकी असते ती कुठे लागते. पोर्ट बाजूच्या भिंतीला लागून मागे जाईल आणि मग वळून मागच्या भिंतीला लागून चालेल. लांबी नेहमी फटीच्या मधल्या रेषेने मोजायची आणि पुढच्या फळ्याची जाडीही त्यात धरायची. म्हणजे पुढून मागच्या वळणापर्यंत ४१ आणि वळल्यावर अजून ३१. पोर्टचं आतलं टोक समोरच्या भिंतीपासून कमीत कमी फटीएवढं लांब पाहिजे, आपल्याकडे २१ सेंटिमीटर मोकळे राहतात, उत्तम.

एक बारकावा, स्लॉट पोर्टला डब्याच्याच भिंती पुढे मिळतात म्हणून ट्यूनिंग हिशोबापेक्षा थोडं खाली येऊ शकतं. त्यामुळे मागच्या भागातली शेवटची ४-५ सेंटिमीटरची पट्टी गोंदाने न चिकटवता स्क्रूने लाव, सबच्या भोकातून हात जाईल अशी. खाली गेलं असेल तर काढून छोटी करता येते, नाहीतर पूर्ण चिकटलेल्या डब्यात आरी कुठून घालणार.

लाकूड एमडीएफ चालेल, बर्च प्लाय मिळाला तर हलका आणि मजबूत, पार्टिकल बोर्ड अजिबात नको. पॅनल मशीनवर कापून घे, हाताने ९० अंश येत नाहीत आणि मग फटी राहतात. जोडाला लाकडाचा गोंद भरपूर, जोड गोंदच धरतो, स्क्रू फक्त सुकेपर्यंत दाबून ठेवायला. एमडीएफच्या कडेत आधी बारीक ड्रिल मार नाहीतर तो उभा फाटतो. आतून सगळ्या जोडांना सिलिकॉन फिरव पण पूर्ण सुकल्याशिवाय, म्हणजे निदान एक दिवस, सब बसवू नकोस, त्याची वाफ सबच्या गोंदाला चांगली नाही. पोर्टच्या तोंडाच्या कडा राउटरने (लाकडाच्या कडा कोरायचं मशीन) गोल कर, आतल्या टोकाच्यासुद्धा, फसफस कमी करायला एवढा स्वस्त उपाय दुसरा नाही. आवाज शोषणारं फायबर भरायचं असेल तर फक्त भिंतींना पातळ थर, पोर्टच्या तोंडाजवळ काही नको.

झाल्यावर पोर्टवर फळी दाबून धर आणि कोन दोन्ही हातांनी सारखा, हळूच आत दाब. सोडल्यावर सावकाश बाहेर आला तर डबा घट्ट आहे, पटकन आला तर कुठेतरी गळतंय. मग फळी काढून, आवाज कमी ठेवून, ४५ हर्ट्झपासून एकेक हर्ट्झ खाली येत टोन वाजव आणि कोनकडे बघ. जिथे कोन सगळ्यात कमी हलतो ते तुझं खरं ट्यूनिंग. ३३ ते ३५ मध्ये आलं तर हात लावू नकोस.

आणि सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे सूर अडवणारा) लावल्याशिवाय जोरात वाजवायचं नाही, हे अगदी कळकळीने सांगतोय. ट्यूनिंगच्या खाली डब्यातली हवा कोनला धरून ठेवत नाही, हवा पोर्टमधून नुसती आतबाहेर करते आणि कोन मोकाट सुटतो, त्यातच कॉइल (कोनमागची तारेची गुंडाळी) आपटते. पॉवर रेटिंगच्या आत असूनही सब असे जातात. ३४ ला ट्यून असेल तर फिल्टर २८ ते ३० वर, २४ डीबी प्रति ऑक्टेव्ह, म्हणजे त्याखालचे सूर झपाट्याने कापणारा. अँपमध्ये (अँप्लिफायरमध्ये) नसेल तर वेगळा प्रोसेसर घे किंवा वॉल्यूम सांभाळ. वरचे सूर अडवणारा लो-पास फिल्टर ८० हर्ट्झच्या आसपास. ७२ सेंटिमीटरच्या पोर्टचा स्वतःचा सूर साधारण २४० हर्ट्झला असतो, तो या फिल्टरमुळे ऐकू येत नाही.

ठेवताना सब आणि पोर्ट दोन्ही मागच्या दाराकडे ठेवून बघ, दारापासून १०-१५ सेंटिमीटर अंतर सोडून, मग फिरवूनही ऐक, गाडीगाडीत फरक पडतो. पोर्टसमोर सामान येता कामा नये. नुसतं लाकूडच वीस किलोच्या वर होईल, वर सबचं वजन, त्यामुळे गाडीच्या हुकांना पट्ट्याने घट्ट बांध, जोरात ब्रेक लागला तर तो डबा सीटवर येतो.

सबचा मॉडेल नंबर, एक्समॅक्स (कोन किती हलू शकतो तो आकडा) आणि डिकीची खालची, वरची नि खोलीची मापं टाक. पोर्टमधला वेग काढून देतो आणि कापायच्या फळ्यांची यादी तपासून देतो, तोपर्यंत लाकूड कापू नकोस.