स्टिरॉइड चालू असताना फुफ्फुसाचा संसर्ग कबुतरांमुळे होतो का?

तुमच्या सासऱ्यांना आमवातासाठी वायसोलोन हे स्टिरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणारं मेथोट्रेक्सेट चालू आहे, आता त्याच कामाचं अडालिमुमॅबचं इंजेक्शन सुरू करायचंय, आणि गॅलरीत कबुतरं बसतात म्हणून घर बदलावं का, असं तुम्ही विचारलंय. कबुतर हा शब्द वाचला आणि हातातली कामं टाकून लिहायला बसले. आमच्या घरात या पक्ष्यावरून चार वर्षं भांडण चालू आहे.

आईला व्हॅस्क्युलायटिस, म्हणजे रक्तवाहिन्यांना सूज आणणारा आजार, निघाला तेव्हा आम्ही सदाशिव पेठेत राहायचो, तिसरा मजला, लिफ्ट नाही. तिला वायसोलोन 40 मिलिग्रॅम, महिन्यातून एकदा सायक्लोफॉस्फामाइडचं (हेही प्रतिकारशक्ती दाबणारं) सलाइन, कॅल्शियम, पित्ताची गोळी आणि सोम-बुध-शुक्र एक सेप्ट्रान डीएस ही अँटिबायोटिकची गोळी. मामा भेटायला आले. आईचे थोरले भाऊ, बँकेतून निवृत्त; प्रिस्क्रिप्शनसुद्धा पासबुकासारखं तपासतात. ‘‘हिला इन्फेक्शन कुठंय? मग अँटिबायोटिक कशाला? उष्ण पडेल तिला.’’ खिशातलं पेन काढून त्यांनी सेप्ट्रानच्या ओळीवर काट मारली. मी समोरच बसले होते आणि एक शब्द बोलले नाही. मामांपुढे आमच्याकडे कुणी बोलत नाही.

साधारण दोन महिन्यांनी आई भाजी घेऊन वर येताना दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत टेकायला लागली. ताप नाही, कफ नाही, नुसता कोरडा ढास. वय झालं, असं सगळे म्हणाले. एक्स-रे स्वच्छ आला. एकदा सहज बोटाला ऑक्सिमीटर लावला तर 96. मग तिला स्वयंपाकघरापासून दारापर्यंत चार फेऱ्या मारायला लावल्या, तर 88. त्या रात्री ॲडमिट केलं. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुफ्फुसं धुरकट काचेमागं असल्यासारखी दिसत होती. दुर्बीण घालून पाणी काढलं त्यात न्यूमोसिस्टिस सापडला. ही एक बुरशी आहे. माणसाकडून माणसाकडे हवेतून जाते, धडधाकट माणसाला काही करत नाही. सेप्ट्रान होती ती या बुरशीलाच अडवायला. जी गोळी आठवड्यातून तीनदा जड झाली होती, तेच औषध मग मोठ्या मात्रेत 21 दिवस दिलं. आई वाचली, पण घरी ऑक्सिजन मशीनसकट आली.

मामांचं निदान तयारच होतं: शेजारच्या काकू गॅलरीत ज्वारी टाकतात, त्या कबुतरांनी केलं. आजही तेच म्हणतात.

आता तुमचा प्रश्न. कबुतरांची बाजू घेत नाही. त्यांच्या विष्ठेत क्रिप्टोकॉकस ही बुरशी असू शकते आणि पिसांच्या धुळीनं फुफ्फुसाची ॲलर्जीही होते. जाळी बसवा, आणि विष्ठा कोरडी झाडायला सासऱ्यांना लावू नका. शेजारी जुना वाडा पाडत असतील तर त्यांना त्या बाजूला फिरकूही देऊ नका, त्या धुळीत ॲस्परजिलस नावाची बुरशी असते. पण घर कशाला बदलताय? जास्त धोका फाइलमध्ये असतो. स्टिरॉइड किती आणि किती दिवस (20 मिलिग्रॅम किंवा जास्त, महिन्यावर, म्हणजे कान टवकारायचे), सोबत दुसरं प्रतिकारशक्ती दाबणारं औषध आहे का, वय, शुगर, किडनी, आधीचं फुफ्फुसाचं दुखणं, रक्तातले लिम्फोसाइट (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) घटलेत का. माझ्या आईला यातलं निम्मं लागू होतं. मामांना ते लागू असलेलं दिसलं नाही, कबुतरं दिसली.

तुमच्या बाबतीत त्याहून महत्त्वाचा टीबी. अडालिमुमॅब ज्या गटातलं आहे ती औषधं शरीरात झोपलेला टीबी उठवतात, आणि जगातले साधारण एक चतुर्थांश टीबीचे रुग्ण आपल्याच देशात आहेत. ‘आमच्या घरात कुणाला नव्हता’ हे उत्तर चालत नाही. इंजेक्शनच्या आधी छातीचा एक्स-रे आणि झोपलेला टीबी शोधणारी मॅन्टू (कातडीवरची) किंवा इग्रा (रक्ताची) चाचणी झालीय का विचारा. स्टिरॉइड चालू असताना मॅन्टू खोटी निगेटिव्ह येऊ शकते, हे आम्हालाही उशिरा कळलं. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींचंही आधीच विचारून घ्या. आणि ताप नाही म्हणून गाफील राहू नका, स्टिरॉइड ताप झाकून टाकतं. दम लागतोय म्हणाले तर चालवून ऑक्सिजन बघा, बसवून बघू नका.

एक राहिलंच. हे वाचून सेप्ट्रान स्वतः आणून देऊ नका. सासऱ्यांना मेथोट्रेक्सेट आहे. दोन्ही एकत्र झाली तर रक्तपेशी धोकादायक घटू शकतात. किडनी कमजोर असेल किंवा सल्फाची ॲलर्जी असेल तरी अडचण येते. द्यायची की नाही, हे त्यांच्या ऱ्हुमॅटॉलॉजिस्टनं, म्हणजे आमवाताच्या डॉक्टरनं, ठरवायचं. आणि घाबरून वायसोलोन एकदम बंद तर मुळीच करू नका, ते वेगळंच संकट.

आमच्या गॅलरीला मामांनी स्वखर्चानं जाळी बसवून दिली. ते काट मारलेलं प्रिस्क्रिप्शन मी फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवलंय. दिवाळीला येतात तेव्हा फाइल मागतात, आणि ते पान उलटून पुढचं वाचतात.