आधी धावांचा जमाखर्च

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तुला नेमून दिलेल्या बेसबॉल संघाचा अर्धहंगामी अहवाल मी दोनदा वाचला, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. नऊ पानांत तू पिचरांचे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांचे, वेग, बॅटरांच्या सरासऱ्या, दुखापतींची यादी असे सगळे नीट मांडले आहेस आणि शेवटी ‘संघात क्षमता आहे, मात्र सातत्याची गरज आहे’ असे लिहून मोकळा झाला आहेस. हे वाक्य लीगमधल्या तीसही संघांना चालेल. खरी अडचण तू सोबतच्या चिठ्ठीत सांगितलीस: ८१ सामन्यांनंतर संघाचे विजय पराभवांपेक्षा अधिक आहेत, पण दिलेल्या धावा काढलेल्या धावांपेक्षा जास्त आहेत, आणि यातले काय खरे मानावे ते तुला उमगत नाही. ही अडचण अहवालाच्या पहिल्या पानावर हवी होती. ती चिठ्ठीत लपवून अहवालात तळ्यात-मळ्यात केलेस, याचा मला राग आला.

धावांचा जमाखर्च आधी मांड. विजय-पराभवाचा तक्ता त्यानंतर.

सिअॅटल मरिनर्सचा २०२१ चा हंगाम मी जवळजवळ पूर्ण वहीत उतरवला आहे. त्या संघाने वर्षभरात ६९७ धावा काढल्या आणि ७४८ दिल्या, तरीही ९० सामने जिंकले. बेसबॉलचे आकडेतज्ज्ञ बिल जेम्स यांच्या जुन्या सूत्रात हे आकडे घाल, म्हणजे काढलेल्या धावांच्या वर्गाला काढलेल्या व दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भाग आणि हंगामाच्या १६२ सामन्यांनी गुण, की अपेक्षित विजय पंचाहत्तरच्या आसपास येतात. वरचे पंधरा कुठून आले? एका धावेने निकाल लागलेल्या सामन्यांत तो संघ ३३-१९ (विजय-पराभव) होता. प्रशिक्षक स्कॉट सर्व्हिस यांनी धावांच्या फरकाऐवजी ‘मजेचा फरक’ अशी थट्टा रूढ केली आणि सारे शहर ती म्हणू लागले. मी म्हटली नाही.

२६ जुलैच्या संध्याकाळी मी मैदानात होतो. ह्यूस्टन अॅस्ट्रोज ७-० ने पुढे होते. आठव्या इनिंगमध्ये मरिनर्सच्या डिलन मूरचा ग्रँड स्लॅम, म्हणजे तिन्ही बेसवर खेळाडू असताना मारलेला चार धावांचा होमरन, गेला तेव्हा शेजारच्या अनोळखी माणसाने मला अशी मिठी मारली की वहीच्या पानावर पेन्सिलीची आडवी रेघ उमटली. ती अजून तशीच आहे. सामना मरिनर्सने ११-८ असा जिंकला. दुसऱ्याच दिवशी मरिनर्सच्या व्यवस्थापनाने केंडल ग्रेव्हमन या आपल्या भरवशाच्या रिलीव्हरला, म्हणजे सामन्याच्या उत्तरार्धात येणाऱ्या पिचरला, त्याच अॅस्ट्रोजकडे धाडले आणि बदल्यात मुख्यतः एब्राहम टोरो हा तरुण इनफिल्डर (बेसजवळचा क्षेत्ररक्षक) घेतला. खेळाडू उघडपणे चिडले. मला मात्र तो निर्णय पटला होता, कारण आदल्या रात्रीच्या जल्लोषाने संघाचा जमाखर्च बदलला नव्हता. आजही पटतो.

एका धावेचे विजय ‘बलस्थाने’ या शीर्षकाखाली लिहू नकोस, हे मी तुला पूर्वीही सांगितले आहे. बाल्टिमोर ओरिओल्स २०१२ मध्ये अशा सामन्यांत २९-९ होते. पुढच्याच वर्षी, बराचसा संघ तोच असताना, २०-३१ झाले. जे असे एका हिवाळ्यात उडून जाते ते बलस्थान कसले? आता तू म्हणशील की चांगले बुलपेन, म्हणजे रिलीव्हरांचा ताफा, असले तर निसटते सामने हाती लागतातच. लागतात, थोडे. मरिनर्सचा रिलीव्हर पॉल सिवॉल्ड याला न्यूयॉर्क मेट्सने सोडून दिले होते आणि २०२१ मध्ये त्याने ६४ इनिंगमध्ये शंभरावर स्ट्राइकआउट घेतले, म्हणजे तितके बॅटर तीन स्ट्राइकमध्ये बाद केले. हे बलस्थान आहे. पण मग सिवॉल्ड लिही, त्याचा स्लायडर हा वळणारा चेंडू लिही. ‘जिद्द’ असे लिहून ठेवू नकोस.

उलट बाजूही पाहा. अटलांटा ब्रेव्ह्ज २०२१ च्या ऑल-स्टार विश्रांतीला, म्हणजे हंगामाच्या मध्यावर, ४४-४५ होते आणि त्यांचा मुख्य आउटफिल्डर (मैदानाच्या बाहेरच्या भागातला क्षेत्ररक्षक) रोनाल्ड अकुन्याचा गुडघा नुकताच गेला होता. धावांच्या खात्यात मात्र संघ नफ्यात होता. संघबांधणीचे प्रमुख अॅलेक्स अँथोपोलस यांनी तो हंगाम सोडला नाही. पीडरसन, डुव्हॉल, सोलेर, रोझारिओ असे चार आउटफिल्डर आणून नेमके पडलेले भगदाड बुजवले. ६ ऑगस्टपर्यंत विजय पराभवांच्या वर गेले नव्हते, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्यांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपदाची अंतिम मालिका, जिंकली. विजयाचा तक्ता पाहून कोणी हे केले असते का?

काही प्रचंड पराभवांमुळे धावांचा फरक बिघडतो, ही तुझी शंका रास्त आहे. तसे सामने वगळून बेरीज कर, पण मग आपले प्रचंड विजयही वगळ. तू फक्त पराभव वगळलेस, ते मी पकडले. घरच्या मैदानाचे आकडे वेगळे काढ. सिअॅटलच्या थंड, ओलसर हवेत उंच चेंडू जागीच मरतो, तेव्हा घरच्या सरासऱ्या पाहून बॅटरांना नावे ठेवण्यापूर्वी बाहेरच्या सामन्यांत ते काय करतात ते बघ. पाचवा स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारा पाचवा पिचर, जखमी झाला तर कोण उभा राहील, हेही लिही. ते तुझ्या नऊ पानांत कुठेच नाही.

आता एक सांगतो, कारण तुला ते कोणीतरी सांगेलच. त्या २०२१ च्या शेवटच्या तीन सामन्यांची तिकिटे माझ्याकडे होती. सूत्राप्रमाणे हा संघ प्लेऑफच्या, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांच्या, शर्यतीत तिथवर पोहोचायलाच नको होता, म्हणून मी ती कार्यालयातल्या एका मुलाला देऊन टाकली. ३ ऑक्टोबरला मरिनर्सचा जुना खेळाडू काइल सीगर नवव्या इनिंगमध्ये डोळे पुसत मैदानाबाहेर गेला, या संघाकडून शेवटचा, आणि ते मी घरी टीव्हीवर पाहिले. बायको अजून टोमणा मारते. तरी सांगतो, संघ प्लेऑफला दोन विजयांनी मुकलाच. पुढच्या वर्षी विजय पुन्हा ९०च होते, पण या वेळी काढलेल्या धावा दिलेल्यांपेक्षा ६७ ने अधिक, आणि २००१ नंतर प्रथमच मरिनर्स प्लेऑफमध्ये गेले. २०२२ मध्येही निसटते विजय पुष्कळ होते, हे तू शोधून काढशील. काढ. माझे म्हणणे त्याने बदलत नाही.

दुसरा मसुदा रविवारपर्यंत पाठव. ‘सातत्य’ हा शब्द दिसला तर पुढे वाचणार नाही. आणि घरी आलास की २०२१ ची वही दाखवतो. तिच्यात शेवटची तीन पाने कोरी आहेत.

तुझा,
काका