वही भरतेय, हात का सुधारत नाही?

प्रश्न : गोदाघाटावर स्केचिंगला जाते. माणसं हलतात, चित्र अर्धवट राहतं. मग घरी फोटोवरून पूर्ण करते. वर्षभरात तीन वह्या झाल्या, पण फरक दिसत नाही. — एक वाचक, पंचवटी

उत्तर : अर्धवट राहू द्या. फोटोवरून पूर्ण केलं की चुकलेली रेघ झाकली जाते, आणि शिकायचं असतं ते तिच्यातूनच.

भाजीवाली हलली तरी थोड्या वेळाने पुन्हा त्याच पोझमध्ये येते. म्हणून एका पानावर चार-पाच आकृत्या एकदम सुरू ठेवा आणि जी पोझ परत येईल तिच्यात भर घाला. एकीला दोन मिनिटं पुरे. आधी पाठीचा कल, मग डोकं, मग वजन कुठल्या पायावर आहे ते. चेहरा शेवटी, राहिला तर राहिला.

प्रमाण चुकत असेल तर एक माप धरा. अख्खं नाशिक पुराचं पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतं, तुम्हीही पायऱ्या आणि माणसं त्याच्याच उंचीशी ताडून पाहा. माप घेताना पेन्सिल डोळ्यांसमोर हात ताठ ठेवूनच धरा, कोपर वाकलं की माप बदलतं.

काळाराम मंदिरासारखा काळा दगड सरसकट गडद भरू नका. डोळे किलकिले करून उजेड, मधली छटा, सावली एवढेच तीन भाग पाडा. २बी, ६बी या मऊ, गडद पेन्सिली आणि १५० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाचं दर चौरस मीटरचं वजन, ग्रॅममध्ये) कागद चालेल. वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा हात, द्यायचा तर ३००चा घ्या, नाहीतर पान फुगतं.

खोडरबर मात्र घरीच ठेवा.