‘रद्द’ लिहिण्याआधी तारीख बदलून मागा

परगावच्या रिसॉर्टमध्ये ठरलेली लग्ने पुढे ढकलावी लागली किंवा मोडली, तर भरलेल्या पैशांचे काय होते, याविषयी या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या मुलीचे लग्न ७ फेब्रुवारीला दक्षिण गोव्यातील एका रिसॉर्टमध्ये ठरले होते. नोव्हेंबरच्या अखेरीस आमचे व्याही हृदयविकाराने अचानक गेले. विहीणबाईंचे म्हणणे असे की कार्य वर्षाच्या आत व्हावे, मात्र फेब्रुवारीत उभे राहण्याचे बळ घरात कोणालाच नाही. दोन रात्रींसाठी साठ खोल्या, प्रत्येकी ९,००० रुपये दराने, आणि जेवणखाण धरून हॉटेलचे १८ लाख रुपये व त्यावर १८ टक्के जीएसटी असा हिशेब होता. त्यापैकी निम्मे, म्हणजे करासह १० लाख ६२ हजार रुपये आम्ही भरले आहेत. करारात लिहिले आहे की ९० दिवसांहून आधी कळवल्यास एकूण रकमेच्या २५ टक्के, ९० ते ४५ दिवसांत ५० टक्के आणि त्यानंतर १०० टक्के रक्कम कापली जाईल. व्यवस्थापक फोनवर म्हणतात की पैसे परत मिळणार नाहीत, पण सहा महिन्यांत दुसरी तारीख घेतल्यास त्या वेळच्या दराने ते वळते करून घेऊ. सजावटकाराला दिलेल्या अडीच लाखांची तर पावतीही नाही. आम्ही काय करावे? – एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. पत्र हाती येताच पहिली सूचना फोनवरून कळवली होती, ती इतरांनाही उपयोगी पडेल म्हणून पुन्हा सांगतो. आपल्या करारातला ४५ दिवसांचा टप्पा २४ डिसेंबरला येतो. त्याआधी हॉटेलला ईमेल गेलाच पाहिजे आणि त्यात ‘आम्ही लग्न रद्द करत आहोत’ असे वाक्य असता कामा नये. रद्द करणे आणि तारीख बदलणे या करारातल्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीचे परिणाम कलमात टक्केवारीसकट लिहून ठेवलेले असतात, दुसरीचे बहुधा लिहिलेले नसतात, आणि जे लिहिलेले नाही त्याविषयी बोलणी करता येतात. दुःखाच्या भरात घरातले कोणी तरी ‘लग्न कॅन्सल, कृपया पैसे परत करावेत’ असा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर धाडून देते आणि पुढची सगळी बोलणी त्या एका ओळीपाशी येऊन थांबतात, असे आम्ही अनेकदा पाहिले आहे.

आज रद्द केले तर कलमाप्रमाणे नऊ लाख जातात, म्हणजे भरलेले सगळेच. कराची रक्कमही परत येत नाही, कारण केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार, अशा सेवांसाठी कापून घेतलेल्या रद्दीकरण शुल्कावर मूळ सेवेच्याच दराने जीएसटी लागतो. हॉटेलने काही भाग परत केला, तर त्या भागावरचा करही त्याबरोबर परत मागावा. ‘कर सरकारजमा झाला’ हे उत्तर स्वीकारू नये, कारण घेतलेली आगाऊ रक्कम परत करताना कराचा हिशेब दुरुस्त करण्याची सोय कायद्यातच आहे. २४ डिसेंबर उलटल्यावर मात्र हॉटेल उरलेले नऊ लाखही मागू शकेल. ते मिळतीलच असे नव्हे, परंतु तो वाद ओढवून घेण्याचे कारण नाही.

आता तारीख बदलण्याविषयी. व्यवस्थापकांचा सहा महिन्यांचा प्रस्ताव आपल्या अडचणीशी जुळत नाही. सहा महिन्यांत एप्रिल-मेचा उकाडा आणि नंतर पाऊस येतो, तर आपल्याला सोयीचा काळ पुढच्या नोव्हेंबरचा, तुळशीच्या लग्नानंतरचा आणि वर्षश्राद्धापूर्वीचा आहे. म्हणून मुदत बारा महिन्यांची मागावी. त्याहून महत्त्वाची मागणी दराची आहे. समजा, नव्या तारखेला खोलीचा दर १०,५०० रुपये झाला, तर केवळ खोल्यांचा फरक १ लाख ८० हजार आणि करासह २ लाख १२ हजारांच्या पुढे जातो. कित्येक हॉटेले यावर एकूण रकमेच्या दहा टक्क्यांएवढे बदल-शुल्कही मागतात, आणि आपल्या हिशेबात तेही नेमके तेवढेच होते. शुल्क किंवा वाढीव दर यांपैकी एकच मान्य करू, दोन्ही नाही, असे आपण स्पष्ट सांगावे. दोन्ही धरले तरी सव्वाचार लाखांच्या आसपास भार येतो, जो साडेदहा लाख गमावण्यापेक्षा कितीतरी कमी आहे. परंतु ही तुलना हॉटेललाही करता येते, एवढे ध्यानात असू द्यावे.

तारीख बदलल्याचे पुरवणी-पत्र हाती आल्यावर त्यातली एक ओळ शोधून वाचावी. अनेक हॉटेले तेथे ‘एकदा तारीख बदलल्यानंतर ही रक्कम कोणत्याही कारणाने परत मिळणार नाही’ असे घालतात. त्याऐवजी ९० आणि ४५ दिवसांचे टप्पे नव्या तारखेपासून मोजले जातील, असे लिहून घ्यावे. खोल्यांची किमान संख्याही तेव्हाच कमी करून घ्यावी, कारण अशा प्रसंगानंतर पाहुण्यांची यादी आखडतेच. विहीणबाईंना थाटमाट नकोसा वाटत असेल, तर साठाऐवजी पंचवीस-तीस खोल्यांचे घरगुती लग्न भरलेल्या रकमेच्या आसपास बसू शकते. हॉटेलला एक रुपयाही परत द्यावा लागत नसल्यामुळे हा पर्याय ते सहसा आनंदाने मान्य करते, पण आपण विचारल्याखेरीज पुढे करत नाही.

बोलणी फिसकटली तर कायदा काय म्हणतो? निकटवर्तीयाचा मृत्यू कितीही मोठा आघात असला, तरी त्यामुळे करार पाळणे ‘अशक्य’ झाले असे भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ५६ च्या अर्थाने धरले जात नाही. २०२० साली परिस्थिती वेगळी होती. तेव्हा शासनाच्याच आदेशाने लग्नाला पन्नासांहून अधिक माणसे जमवता येत नव्हती, आणि एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात ती मर्यादा पंचवीसवर आली होती. त्या काळातल्या परताव्यांचे दाखले आपल्या प्रकरणाला लागू पडणार नाहीत. आपल्या उपयोगाचे कलम ७४ आहे. करारात लिहिलेली कपातीची रक्कम ही वाजवी भरपाईची कमाल मर्यादा असते. ती आपोआप देय होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या निकालात म्हटले आहे की, नुकसान मुळात झालेच नसेल तर अनामत जप्त करता येत नाही, आणि जेथे नुकसान सिद्ध करता येण्याजोगे असते तेथे ते सिद्ध करावे लागते. फेब्रुवारीचा पहिला आठवडा गोव्यात भर हंगामाचा असतो. त्या रात्रींना त्याच खोल्या दुसऱ्या पाहुण्यांना विकल्या गेल्या, तर हॉटेलचे नुकसान नऊ लाखांचे कसे, हा प्रश्न आपण ईमेलमध्येच नम्रपणे विचारून ठेवावा, आणि पुन्हा विकल्या गेलेल्या खोल्यांची रक्कम वजा करण्याची मागणी नोंदवावी. त्या आठवड्यात हॉटेलच्या संकेतस्थळावर खोल्या ‘उपलब्ध नाहीत’ असे दिसले, तर त्या पानाचे तारखेसह छायाचित्र जपून ठेवावे.

शेवटचा मार्ग ग्राहक आयोगाचा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे हॉटेल गोव्यात असले तरी आपल्याला पुण्याच्या जिल्हा आयोगाकडे जाता येईल. तेथे दिलेल्या मोबदल्याची मर्यादा ५० लाख रुपयांची आहे, आपण भरलेल्या रकमेवर शुल्क ४०० रुपये पडते आणि मुदत दोन वर्षांची आहे. तत्पूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहावी. तरीही पहिल्याच ईमेलमध्ये आयोगाची धमकी देऊ नये, असे आमचे मत आहे. ज्या हॉटेलात पुढे आपल्याच मुलीचे लग्न लावायचे आहे, त्याच्याशी आज भांडण मांडणे म्हणजे हात दाखवून अवलक्षण करून घेणे होय.

एक मुद्दा पत्रावरून कळला नाही. करार आपला हॉटेलशी थेट झाला आहे, की इव्हेंट मॅनेजरमार्फत? पैसे त्याच्या खात्यात गेले असतील आणि हॉटेलची नोंदणी त्याच्या नावावर असेल, तर हॉटेल आपल्याशी बोलणारच नाही, आणि हॉटेलने दिलेली सवलत त्याच्यापाशीच अडकण्याचा धोका राहतो. अशा वेळी हॉटेलने त्याला पाठवलेले पुरवणी-पत्र स्वतः पाहिल्याशिवाय त्याला नवी रक्कम देऊ नये.

छायाचित्रकाराने आगाऊ रक्कम ठेवून घेतली, तर त्याच्याशी फार वाद घालू नये. भर हंगामातली तारीख आपल्यासाठी राखून त्याने दुसरी कामे नाकारलेली असतात, त्यामुळे त्याचे नुकसान खरे असते. सजावटकाराची गोष्ट निराळी आहे. दोन महिने आधी त्याने फुलेही घेतलेली नसतात, मांडवाचे सामान तर त्याचे स्वतःचेच असते. पावती नसली तरी व्हॉट्सअ‍ॅपवरची बोलणी आणि बँकेतून काढलेल्या रकमेची नोंद हा पुरावा ठरू शकतो. शिवाय एकाच समारंभासाठी एकाच व्यक्तीकडून दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने २०१७ पासून मनाई केली आहे, आणि दंड घेणाऱ्याला होतो. याची केवळ आठवण करून दिल्यावर माणसे बऱ्याचदा समजुतीने वागू लागतात.

प्रश्न : मुलीचा साखरपुडा झाला होता आणि महाबळेश्वरच्या एका हॉटेलात लग्न ठरले होते. मुलाकडच्यांनी महिन्यापूर्वी कारण न देता नकार कळवला. बैठकीतल्या यादीत हॉटेलचा खर्च निम्मा-निम्मा असे लिहून दोन्हीकडच्यांनी सह्या केल्या आहेत, परंतु हॉटेलला सहा लाख मीच भरले. ते वसूल होतील का? दागिन्यांचे काय करावे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : यादीला पुष्कळ घरांत रुसव्याफुगव्यांचे मूळ मानले जाते, पण आपल्या बाबतीत तोच सर्वांत मोलाचा कागद आहे. लग्न करण्यास कोणालाही न्यायालय भाग पाडत नाही. मात्र दिलेल्या वचनावर विसंबून झालेल्या खर्चाची भरपाई करार अधिनियमाच्या कलम ७३ खाली दिवाणी दाव्याने तीन वर्षांच्या आत मागता येते. हॉटेलकडून जास्तीत जास्त किती परत मिळते ते आधी पाहावे आणि उरलेल्या तुटीचा निम्मा वाटा वकिलांमार्फत लेखी मागावा. मुलाकडच्यांनी दिलेल्या वस्तू आपण यादी करून, पोच घेऊन परत कराव्यात आणि आपल्या वस्तू तशाच मागाव्यात. न्यायालयात जाण्याची वेळ बहुधा येणार नाही, कारण दाव्याचे कागद चार लोकांत फिरावेत असे मुलाकडच्यांनाही वाटत नसेल. मुलीच्या इच्छेविरुद्ध मात्र हे प्रकरण वाढवू नये.

दागिने घाईने मोडू नका. मोडताना घडणावळ आणि खरेदीच्या वेळी भरलेला सोन्यावरचा तीन टक्के जीएसटी, दोन्ही बुडतात. लग्नासाठी वैयक्तिक कर्ज घेतले असेल, तर हॉटेलकडून परत आलेली रक्कम त्यात भरण्यापूर्वी मुदतपूर्व फेडीचे शुल्क किती, ते कर्जाच्या कागदात पाहावे. स्थिर व्याजदराच्या कर्जावर बँका ते सहसा आकारतात, तरीही बचत खात्यात पैसे पडून राहण्यापेक्षा कर्ज फेडलेले बरे.

प्रश्न : भावाचे लग्न उदयपूरला करायचे आहे. लग्नाचा विमा काढावा का? आणि लग्न पुढे गेले तर पाहुण्यांच्या विमान-तिकिटांचे पैसे आम्ही द्यायचे का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : विमा काढावा, परंतु तो कशासाठी नसतो हे आधी वाचावे. आग, पूर, दंगल, अपघात, तसेच पॉलिसीत नावे नोंदवलेल्या व्यक्तींचा मृत्यू अशा कारणांनी समारंभ होऊ शकला नाही, तर भरपाईची तरतूद असते. वधू-वरांचा विचार बदलणे, घरातला वाद, आधीपासूनचा आजार यांना ती सहसा नसते. म्हणून नावे नोंदवताना फक्त वधू-वरांवर न थांबता दोन्हीकडच्या आईवडिलांची नावे घालता येतात का, हे विचारावे; पुण्याच्या वाचकांचे पत्र वाचल्यावर याचे कारण सांगण्याची गरज नाही.

पाहुण्यांनी स्वतः काढलेल्या तिकिटांची कायदेशीर जबाबदारी आपल्यावर येत नाही. तरीही निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या आत्याने नागपूरहून तिकीट काढले असेल, तर ती रक्कम आपण होऊन द्यावी असे आम्हाला वाटते. इतरांना एवढे जरूर कळवावे की ‘परतावा नाही’ अशा तिकिटावरचेही सरकारी कर आणि विमानतळाचे शुल्क प्रवास न केल्यास परत मिळते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा तसा नियम आहे. तिकीट एजंटामार्फत काढले असले, तरी त्या नियमानुसार परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच असते.